आगळातली पूड

आई,

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू आधी सांगतो, कारण तुझ्याशी बोलायला मला दुसरी सुरुवात सुचत नाही. पायाने दाबायचा काजूचा अडकित्ता, ज्यात बी फुटते पण गर अख्खा राहतो. पहिल्या वर्षी शंभरात सत्तर गर अख्खे निघायचे, पाती दोनदा घासून आणल्यावर नव्वद. वाडीतल्या देवळाचा लोखंडी दरवाजा, जो खारा वारा खाऊनही अजून कुरकुरत नाही. आंबे निवडायची चार आकारांची जाळी. तुझ्या चुलीचा धूर मागच्या बाजूने बाहेर काढणारा पत्र्याचा नळ. शिंपले दळायचं पिंप: बोअरच्या पाइपाचा दोन फुटी तुकडा, दोन्ही तोंडं बंद, एका बाजूला झाकण, आत ट्रकच्या जुन्या बेअरिंगांमधल्या पोलादी गोळ्या आणि बाहेर अर्ध्या घोड्याची मोटर. आणि त्या पिंपातली पूड मोजायला एक पितळी चमचा. तो मी कानशीने घासत घासत असा आणला की सपाट भरला की बरोबर चार ग्रॅम पूड, गुंजभर इकडे नाही की तिकडे नाही. नववीत शाळा सोडलेल्या माणसाने हे सगळं केलं, आणि कोणाच्या हाताखाली न राहता केलं. हातखंब्याच्या नाक्यावर माझी शेड आहे. तिथे कोणी विचारलं की मिस्त्री, कुठे शिकलात, तर मी म्हणतो, इथेच, आणि जमिनीकडे बोट दाखवतो.

तुला जाऊन सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय, कारण गेल्या महिन्यात मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत एका बाईने माझ्यासमोर दोन ग्लास ठेवले, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. परवा एका गिऱ्हाइकाला उलट्या आट्याचा बोल्ट सुलट्या आट्याचा म्हणून दिला. मी. तो परत घेऊन आला तेव्हा त्याचाच विश्वास बसत नव्हता. "मिस्त्री, बरं आहे ना?" म्हणाला. मी त्याला बोल्ट बदलून दिला आणि उत्तर दिलं नाही. तुला देतो. बरं नाही.

तुझ्या गुडघ्यांपासून हे सगळं सुरू झालं. शहरातल्या डॉक्टरांनी तपासलं, हाडं ठिसूळ होत चाललीत म्हणाले, आणि तीन औषधं लिहून दिली. गुडघ्याच्या दुखण्यावर एक गोळी. तिने पित्त उसळू नये म्हणून पहाटे उपाशीपोटी घ्यायची दुसरी. आणि कॅल्शियमच्या मोठ्या पांढऱ्या गोळ्या, जेवणानंतर. ती कॅल्शियमची बाटली मी भिंग लावून वाचली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आतलं कॅल्शियम शिंपल्यांपासून काढलेलं आहे. मी मोठ्याने हसलो. भाट्याच्या खाडीत ओहोटीला चालताना पायाखाली करकरतात तेच शिंपले कोणीतरी दळतो, त्याच्या गोळ्या पाडतो आणि आपल्यालाच परत विकतो! तुला म्हटलं, "आई, हे मी घरी करतो." तू भाजी चिरत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "कर बाबा. तुझ्या हातांना तशी पण चैन पडत नाय."

मी केलं, आणि कसं केलं ते तू पाहिलंस. शिंपले तीन पाण्यांतून उकळले, काथ्याने घासले, आठ दिवस पत्र्यावर वाळवले, तीन दिवस पिंपात फिरवले आणि मलमलीतून तीनदा चाळले. गालाला लावली तर लागणार नाही इतकी मऊ पूड. रद्दीतून आणलेल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात वाचलं की शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याच्या शंभर भागांत चाळीस भाग निव्वळ कॅल्शियम. औषधाच्या दुकानात दुसऱ्या प्रकारच्या गोळ्याही होत्या, सायट्रेटच्या, महाग. त्यांचं प्रमाण काढलं तर शंभरात एकवीस. एकीकडे एकवीस, दुसरीकडे चाळीस. माझ्यासारख्या माणसाला आणखी काय पाहिजे? मी दुकानदारालाच सुनावलं की निम्मा माल दुप्पट भावाने विकता. त्या बिचाऱ्याने सायट्रेटची बाटली परत फळीवर ठेवली. त्याला ठाऊक होतं की नव्हतं, आता विचारायची सोय नाही.

डॉक्टरांच्या चिठ्ठीतलं 'जेवणानंतर' मला पटेना. माझं गणित यंत्राचं. गिरणीच्या तोंडात आधीच नाचणी भरलेली असेल, तर वरून टाकलेला तांदूळ धड दळला कसा जाईल? पोट मोकळं असलं म्हणजे पूड सगळी लागेल, भात-आमटीत कालवली तर वाया जाईल. मी चिठ्ठी घेतली, 'जेवणानंतर' बॉलपेनने खोडलं आणि वर लिहिलं, 'सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यातून'. पित्ताची गोळी तू साडेपाचला घ्यायचीस, म्हणून पुडीची वेळ सहाची ठरवली, म्हणजे दोन्ही एकदम आटपतील. हाही माझाच विचार. तुला तो समजावून सांगितला तेव्हा किती छान वाटलं होतं मला. चार ग्रॅम, सहा वाजता, अर्धा पेला पाणी. वाडीत त्या वेळी कोणाच्या आईला इतकं मोजून औषध मिळत होतं?

पंधरा दिवसांनी तू म्हणालीस, "पोट बांधतं रे यानं. गोळा होऊन बसतो." मी म्हटलं, पाणी जास्त पी.

आता ती दुपार. मी शेडवरून जेवायला आलोय. चुलीवर मांदेलीचं कालवण आहे, आमसुलं घातलेलं, घरभर वास आहे. शेजारची काकी मागच्या दारात बसलीय. तिनेही माझ्याकडून पुडीची एक बरणी मागून नेलीय, पण ती आज आलीय गप्पांना. तू पाटावर बसून एका वाटीत काहीतरी ढवळतेयस. वाटीत कोकमाचं आगळ आहे, लालभडक, आणि त्यावर गुलाबी फेस चढलाय. फेस वाढतोय. कडेवरून खाली ओघळतोय. बाजूला माझा पितळी चमचा पडलाय, आणि त्याला पूड चिकटलीय.

"हे काय चाललंय?" मी विचारतो.

"काय नाय रे. आंबटातून घेऊन बघतेय. पाण्यातून घेतली की दगड गिळल्यासारखं होतं."

"अगं, ती फसफसतेय! उडून चाललीय सगळी!"

"उडूदे की. मांदेलीचा काटा आमसुलात मऊ होतो, तुझी पूड नाय होणार? मला तर हे पोटाला बरं वाटतं."

"तुझ्या पोटाला बरं वाटतं म्हणून हाडांना वाटत नाही. तीन दिवस दळतो मी, आणि तू त्याचा फेस करतेस?"

मी वाटी उचलली आणि मोरीत ओतली. तुझ्यासमोर, काकीच्यासमोर. मोरीच्या दगडावर ते आगळ कितीतरी वेळ तडतडत राहिलं, आणि मी त्याच्याकडे बोट दाखवून तुला म्हणालो, "बघ. हे सगळं सत्त्व चाललं."

काकीला राहवलं नाही. "काय मेल्या, आवशीला शिकवतोस? तुझी स्वतःची हाडं कोणी दिली तुला, पिंपानं?"

तू हसलीस. पदराने पाटावरचा फेस पुसलास आणि माझं ताट वाढलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मुद्दाम तुझ्यासमोर येऊन उभा राहिलो. तू चमचाभर पूड तोंडात टाकलीस, वरून पाणी प्यालीस आणि तोंड उघडून दाखवलंस. जीभ पांढरीफटक. "बघ. घेतली." तेव्हापासून मी रोज उभा राहायचो. शेडला जायला उशीर झाला तरी चालेल, पण सहा वाजता मी तुझ्यासमोर.

तुला असं वाटू नये की मी विचार न करता ओरडलो. माझा विचार असा होता. चुन्याच्या भट्टीवर मी स्वतः तोलून पाहिलं होतं: शिंपले भाजले की वजन जवळजवळ निम्म्यावर येतं. म्हणजे आतून काहीतरी निघून जातं. जे निघून जातं तेच मोलाचं असणार, नाहीतर उरलेल्या चुन्याने तोंड का पोळलं असतं? त्यावरून मी ठरवलं की बुडबुडा म्हणजे कॅल्शियमची गळती. कोणाला विचारलं नाही. मला विचारायची सवय नव्हती. सुटा सुटा पुरावा गोळा करून स्वतःच निकाल द्यायचा, हीच माझी शाळा.

सव्वा वर्षाने तू पडवीच्या पायरीवरून उतरताना खाली बसलीस. पडलीस म्हणणंही जास्त होईल. पायरी चार इंचांची, मीच बांधलेली. पाय टेकलास, आवाज आला आणि खुब्यात हाड मोडलं. ऑपरेशन झाल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, "हाड आतून फारच विरळ झालंय. कॅल्शियम चालू होतं का?" मी सांगितलं, "रोज. एक दिवस चुकवला नाही. चार ग्रॅम." मी ते छाती काढून सांगितलं, आई. त्यांनी 'नियमित' असं काहीतरी कागदावर लिहिलं आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. तू त्यानंतर तीन महिने बिछान्यात होतीस, मग छातीत कफ धरला, आणि मग तू नव्हतीस. त्या तीन महिन्यांतही सहा वाजता पूड द्यायचो. तुला बसवत नव्हतं तर मानेखाली हात घालून.

तू गेल्यावर मी पूड बंद केली नाही. उलट वाढवली. मनात असं होतं की आईला माझ्याकडून उशिरा सुरू झाली, दुसऱ्यांना तरी वेळेवर मिळू दे. फुकट द्यायचो. बरणीवर माझ्या अक्षरातली चिठ्ठी: सकाळी उपाशीपोटी, एक सपाट चमचा, साध्या पाण्यातून, आंबट वर्ज्य. ते शेवटचे दोन शब्द लाल शाईने. एकेचाळीस घरांत ती चिठ्ठी आहे. म्हणजे होती.

या वर्षी एक माणूस आला. मूळचा इकडचाच, आता मुंबईला असतो. नैसर्गिक औषधं पाकिटात घालून विकायचा त्याचा धंदा आहे. गणपतीपुळ्याला दर्शनाला चालला होता, हातखंब्याला गाडी बंद पडली म्हणून माझ्या शेडवर दोन तास अडकला. फळीवरची बरणी बघितली आणि विचारलं. मी सगळं सांगितलं: शिंपले, पिंप, मलमल, तू. तो माझ्याकडे बघतच राहिला. "काका, लोक हेच तर शोधतायत! आईसाठी मुलाने केलेलं. तुम्ही फक्त शुद्धतेचा रिपोर्ट काढा, बाकीचं माझ्यावर सोडा." इतकी वर्षं मी फुकट वाटलेल्या वस्तूला कोणीतरी मोठं म्हणत होतं. तुझ्या सुनेला घरी येऊन सांगितलं तर ती म्हणाली, "बघा हं, त्या पिंपाच्या घरघरीला किंमत येईल असं मला कधी वाटलं नव्हतं."

म्हणून मी प्रयोगशाळेत गेलो. नमुना दिला, आठ दिवसांनी रिपोर्ट घ्यायला गेलो. आत जाताना आपल्या चपला बाहेर काढून त्यांच्या निळ्या सपाता घालाव्या लागतात. तिथली बाई तिशीतली, गुहागरकडची, बोलायला मोकळी. तिने रिपोर्ट पुढे ठेवला. शिसं मर्यादेच्या फार खाली. बाकी काही वावगं नाही. कॅल्शियम मी म्हणत होतो तेवढंच, शंभरात एकोणचाळीस पूर्णांक काही. ती म्हणाली, "काका, खरं सांगते, विकत मिळते त्यापेक्षा ही स्वच्छ आहे. तुम्ही केमिस्ट आहात का?" आई, मी त्या खुर्चीत किती उंच झालो म्हणून सांगू. म्हटलं, "नववी. बाकी सगळं स्वतः." मग ती सहज म्हणाली, "आणि लोक घेतात कशी ही?"

मी खिशातून चिठ्ठी काढून दिली. तिने वाचली. परत वाचली.

"आंबट वर्ज्य का?"

मी कारण सांगितलं. बुडबुडे, भट्टी, वजन. ती हसली नाही, एवढं तिचं ऋण. उठून तिने दोन ग्लास आणले. एकात व्हिनेगर ओतलं, एकात साधं पाणी. दोन्हींत माझी पूड चिमूट चिमूट टाकली. पहिल्यात फेस आला, तसाच, फक्त पांढरा. "हा जातोय तो नुसता वायू, काका. सोडा फोडल्यावर येतो ना, तोच. कॅल्शियम कुठे उडत नाही. ते विरघळून पाण्यात उतरतंय. विरघळल्याशिवाय आतड्याला ते घेताच येत नाही. पोटात हे काम पोटातलं आम्ल करतं, आणि ते जेवणाच्या वेळी सुटतं. म्हणून कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं." तिने चहा मागवला. चहा येऊन, पिऊन होईपर्यंत पहिला ग्लास निवळून आरपार दिसायला लागला. दुसऱ्या ग्लासात पूड तळाशी जाऊन बसली होती. पांढरी, मऊ, तीनदा चाळलेली. तिने चमच्याने ढवळली. परत तळाशी.

मी विचारलं, "एखाद्याला पित्ताची गोळी चालू असेल तर? पहाटेची?"

"कुठली, आम्ल कमी करणारी? मग तर उपाशीपोटी कार्बोनेट म्हणजे..." तिने दुसऱ्या ग्लासाकडे पाहिलं. "अगदी शून्य नाही म्हणणार मी. पण फार थोडं. तशा माणसाला सायट्रेट बरं. त्यात कॅल्शियम कमी असतं, पण ते पोटातल्या आम्लासाठी अडून बसत नाही. आणि एका वेळी शरीर साधारण पाचशे मिलिग्रॅमच नीट घेतं, काका. तुमचा हा चमचा सोळाशे देतो. बाकीचं वाटेने निघून जातं, वर पोट बांधतं ते वेगळं. कोणाला देत होतात अशी?"

"आईला," मी म्हटलं. "तिने एकदा आगळातून घेतली होती. मी ओतून टाकली."

तिने पहिला ग्लास उचलून उजेडात धरला. मग म्हणाली, "म्हणजे पोटाचं अर्धं काम त्यांनी वाटीतच करून घेतलं होतं." आणि लगेच तिला वाटलं असावं की हे बोलायला नको होतं. "हाड एका कारणाने मोडत नाही, काका. वय असतं, उन्हातलं ड जीवनसत्त्व असतं, आणखी दहा गोष्टी. असं मनाला लावून घेऊ नका." शहाणी बाई आहे, खरंच बोलली. मी तिच्यावर विश्वास ठेवतो. पण मी मापाचा माणूस आहे. ती म्हणाली दहा गोष्टी. त्यातल्या नऊ माझ्या हातात नव्हत्या. दहावीसाठी मी रोज सकाळी तुझ्यासमोर उभा राहत होतो.

शंभरात चाळीस! तो आकडा ग्लासाच्या तळाशी बसलेला होता. मी सतरा वर्षं तो आकडा लोकांना सांगत आलो. डब्यात किती आहे आणि अंगाला किती लागतं ही दोन वेगळी मापं आहेत, एवढं साधं माझ्या डोक्यात शिरलं नाही. लोखंडाच्या कामात हे मला कोणी शिकवायला लागलं नसतं. पंप कितीचा आहे हे मी कधीच विचारत नाही. नळातून किती पाणी पडतं ते बादली लावून मोजतो. तुझ्या बाबतीत मी बादली लावलीच नाही, आणि तू मला पहिल्या महिन्यातच सांगत होतीस की नळातून पाणी येत नाहीय.

प्रयोगशाळेतून कसा निघालो ते आठवत नाही. हातखंब्याला शेडचं कुलूप काढायला वाकलो तेव्हा पायात त्या निळ्या सपाता दिसल्या. स्कूटरवरून एवढ्या लांब आलो आणि पत्ता नाही. मी तिथेच दगडावर बसलो आणि त्या सपातांकडे बघत राहिलो. समोरून गोव्याच्या दिशेने गाड्या चालल्या होत्या. कोणीतरी हॉर्न देऊन हात केला. मी ओळखलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून एकेचाळीस घरं फिरलो. पिंप बंद केलं. प्रत्येकाची चिठ्ठी परत घेतली आणि सांगितलं की घ्यायचीच असेल तर पाव चमचा, जेवणाबरोबर, दोन वेळा. पित्ताची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, ते दुसऱ्या प्रकारचं लिहून देतील. लोकांनी ऐकलं. "बदललं काय?" विचारलं. मी म्हटलं, "नवीन पद्धत आलीय." एकेचाळीस वेळा मी हेच वाक्य बोललो. 'मी चुकलो' हे दोन शब्द त्याहून लहान आहेत, पण ते एकदाही तोंडातून आले नाहीत.

काकीकडे सगळ्यात शेवटी गेलो. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरत होती, डोक्यावर सुक्या काटक्यांचा भारा. मी भारा घ्यायला हात पुढे केला तर माझ्याच अंगावर खेकसली, "हो बाजूला, मध्ये येऊन पाडशील मला." अंगणात आल्यावर मी तिला माझं वाक्य ऐकवलं: काकी, नवीन पद्धत आलीय, पूड आता जेवणाबरोबर घ्यायची, आंबट चालेल.

तिने भारा टाकला आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं.

"आता चालेल? मी पयल्यापासून सोलकढीतूनच घेतंय."

"कोणी सांगितलं तुला?"

"कोण सांगणार? तुझ्या आवशीनं. तू वाटी ओतलीस ना मोरीत, त्याच सांजेला आली माझ्याकडे. म्हणाली, तू घे गो आंबटातून, तुझ्यावर कोण पहारा ठेवणार हाय?"

"मग मला इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू कोणाचं ऐकतोस? परत माझी वाटी ओतली असतीस." ती हसली, मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली.

मी विचारलं, "आणि आई? तिने का नाही घेतली तशी?"

"कशी घेणार? तू उभा राहायचास ना तिच्या म्होरं. मी म्हटलं तिला, सांग त्याला, नाय जमत पाण्यातून. तर म्हणाली, राहू दे. पोरानं हातानं केलंय. त्याच्या मनासारखी घेते. दगड तर दगड."

मला वाटत होतं की दोन ग्लासांपाशी जे काही व्हायचं ते होऊन गेलं. तसं नव्हतं. तुला ठाऊक होतं. पुस्तकातलं नाही, पण पोटाला जेवढं कळतं तेवढं, आणि ते पुरेसं होतं. तू बरोबर होतीस, तुला ते माहीत होतं, शेजारणीला तू ते देऊन टाकलंस, आणि स्वतः सव्वा वर्ष माझ्यासमोर तोंड उघडून दाखवत राहिलीस. मी ते आज्ञापालन समजत होतो. औषध लागू पडतंय असं समजत होतो. तू मला सांभाळत होतीस, याची मला शंकासुद्धा आली नाही. काकीने मला पाणी आणून दिलं. मी ते हातात धरून उभा होतो. ती म्हणाली, "बस रे. तुझी आवस तुझ्यावर रागावलेली नव्हती कधी." हे ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं.

त्या मुंबईच्या माणसाचा फोन आला तेव्हा मी त्याला सरळ सांगितलं की रिपोर्ट चांगला आहे, पण घ्यायची पद्धत इतकी वर्षं उलटी होती. तो जराही दचकला नाही. "मग बदलू ना काका! जेवणाबरोबर असं छापू. त्यात काय?" खरंच, त्यात काय. पूड शुद्ध आहे, नीट घेतली तर लागेलही. त्याचं काही चुकत नव्हतं. आठवड्याने त्याने पाकिटाचं चित्र आणि कराराचा कागद पाठवला. पाकिटावर तुझा फोटो, नऊवारीतला, मीच आधी हौसेने पाठवलेला, आणि खाली माझ्या सहीसाठी जागा सोडून एकच वाक्य: 'माझी आई ही पूड शेवटपर्यंत रोज घेत होती.' मी ते वाक्य तपासलं, माझ्या सवयीप्रमाणे, शब्द न् शब्द. आई होती. पूड हीच होती. रोज होती. शेवटपर्यंत होती. एक अक्षर खोटं नाही. पेनाचं टोपण काढून किती वेळ बसलो होतो कोणास ठाऊक. मग टोपण लावलं आणि त्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. त्याने तीनदा कारण विचारलं. मी दिलं नाही.

हा कागद घालायला कुठलं पाकीट नाही. शेडच्या खणात राहील. तुझ्या सुनेने विचारलं की सौदा का मोडलात, तर मी तिला म्हटलं, तो फारच कमी देत होता, आपल्या कष्टांना शोभेल अशी रक्कम नव्हती. तिला ते पटलं.

तो अकरा लाख देत होता.